बॅटरीवाल्या दादांना आणि ताईंना

दादा, ताई, तुमचं नाव गाव काहीच माहीत नाही, बोलण्यावरून धारूर-वडवणीकडचे वाटलात एवढंच. आता दसरा होऊन गेला, ऊसतोडीच्या टोळ्या परत निघाल्यात, तुम्ही पण कुठंतरी ट्रॉलीत बिऱ्हाड भरून निघाला असाल म्हणून म्हणलं आता तरी लिहावं. तुम्ही नाही तर तुमचं एखादं शिकलेलं पोरगं मोबाईलवर वाचल.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. आम्ही तुळजापूरहून दर्शन करून लातूरला यायलो होतो, मी, बायको आणि मागच्या सीटवर आई. उजनीत थांबून बासुंदी खाल्ली, पोट भरलेलं, रोड मोकळा, आणि हा नवा चौपदरी रोड असा आहे की नव्वदला गाडी असली तरी साठला असल्यासारखं वाटतं. अकराच्या पुढं वाजले असतील. लांबून एक लाईट डावी-उजवीकडं हलताना दिसला. खरं सांगतो दादा, मला वाटलं लुटारू असतील. रात्रीचं कुणी हात केला तर थांबायचं नाही, उलट गाडी पळवायची, हे आपल्याकडं जो तो सांगतो. मी ब्रेकवर पायच ठेवला नाही.

तुम्हाला मागं टाकलं आणि दुसऱ्याच क्षणाला समोर काळी भिंत. पंक्चर झालेली ट्रॉली, अर्धी रोडवर, मागं ना लाल लाईट ना रेडियमची पट्टी. नंतर हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी हिशोब केला, नव्वदला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, बघून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद तर जातोच, म्हणजे ३५-४० मीटर गाडी तशीच पळणार, आणि डिपरच्या उजेडात दिसतं तेच मुळात तेवढं. म्हणजे तुमच्या बॅटरीशिवाय मला थांबायला जागाच नव्हती आणि ती बॅटरी मी लुटारूची समजलो. स्टेरिंग उजवीकडं ओढलं, गाडी डिव्हायडरवर चढून आडवी झाली.

आणि पुढचं लिहायला लाज वाटते. तुम्ही पळत आलात, दार ओढलं, आणि मी काय केलं तर तुमच्यावरच ओरडलो. अक्कल आहे का, रस्त्यात ट्रॉली लावता, वगैरे. तुम्ही एक शब्द उलटून बोलला नाहीत. "साहेब, भांडू नंतर, आधी म्हातारीला बघा," एवढंच म्हणलात.

आई पुढच्या सीटवर आदळली होती. मागच्या सीटला पण बेल्ट लावायचा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण आमच्या गाडीत बेल्टचं ते बक्कलच सीटकव्हरच्या खाली दाबून टाकलेलं, गाडी घेतली तेव्हापासून. कव्हर मीच हौसेनं बसवलेलं. मी आईला ओढून बाहेर काढायला निघालो तर ताई तुम्ही माझा हात धरला, म्हणलात मान हलवू नका, आमची ट्रॉली पलटी झालती तवा डॉक्टरनं सांगितलंय. पाणी पण देऊ दिलं नाहीत. पदराची घडी करून कपाळावरची जखम दाबून धरली, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. आणि दादा, तुम्ही तोवर परत पाठीमागं जाऊन उभे, आता आमच्या गाडीसाठी. किती ट्रक तुम्ही बाजूनं काढून दिले त्याचा हिशोब नाही.

मधीच एकदा ट्रॉलीतून लेकरू रडल्याचा आवाज आला. तेव्हा कळलं की त्या भांड्याकुंड्यांच्या अन् शेळ्यांच्या मधी तुमची दोन लेकरं झोपलेली. म्हणजे मी काय करून बसलो असतो ते अजून रात्री आठवलं की उठून बसतो.

आई बरी आहे. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, सात टाके पडले, आता भाकरी थापायलीय आणि मला रोज बोलायलीय. तुमची आठवण माझ्यापेक्षा तीच जास्त काढते.

ॲम्ब्युलन्स आली आणि तुम्ही बाजूला सरकलात, "आमची लिखापढी नको, मुकादम ओरडल." ते भ्या मनातून काढा. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलंय, त्याखालच्या २०२० च्या नियमांनी अपघातात मदत करणाऱ्यानं नाव सांगायचं का नाही ते त्याच्या मर्जीवर, जबरदस्ती कुणी करू शकत नाही. हे तुमच्या टोळीत सगळ्यांना सांगा.

आमच्या गावात कारखान्याला जाणाऱ्या ट्रॉल्यांना मी यंदा लाल रेडियम चिटकवत फिरायलोय. ड्रायव्हर लोक हसतात, एकानं तर दुसऱ्याच दिवशी वरून चिखल फासून आणला. चालायचंच.

बाकी एक राहिलं. सीटखाली गेलेला मोबाईल शोधून १०८ ला फोन लावायला तुम्ही बॅटरी माझ्या हातात दिली होती, ती तशीच माझ्या खिशात दवाखान्यात आली. म्हणजे त्या रात्री राहिलेला वेळ तुम्ही बिनबॅटरीचे, पंक्चर ट्रॉलीपाशी, लेकरं घेऊन. हे मला पहाटे चारला कळलं. भाऊ लगेच तिकडं गेला तर तुम्ही निघून गेलेले. बॅटरी दर रविवारी चार्ज करून गाडीतच ठेवतो. पिवळी आहे, दोरी बांधलेली, काचेला एक तडा गेलेला. ओळख पटली तर कुठल्या फडावर आहात तेवढं कळवा, मी आणि आई घेऊन येतो.