हो, आमच्या सोसायटीतला रेट मीच बिघडवला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पत्र लिहायला कारण आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. परवा कुणीतरी विचारलं की बाळ सांभाळायला बाई ठेवायचीय, सध्या काय रेट चालू आहे. दहा मिनिटांत पंधरा, सोळा, अठरा असे आकडे पडले आणि मग एकांनी लिहिलं की बी विंगमध्ये एक जण बावीस हजार देतात, अशा लोकांमुळेच रेट बिघडतो, आपण सगळ्यांनी मिळून सोळाच्या वर जायचं नाही असं ठरवून टाकू. त्याच्याखाली चौदा अंगठे. तर ते बी विंगवाले म्हणजे आम्ही. ग्रुपवर भांडायची मला हौस नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

मी बँकेतून रिटायर झालेली बाई, त्यामुळे हिशेब मांडायची खोड आहे. मुलगा-सून दोघं हिंजवडीला नोकरीला, आम्ही सगळे राहतो सिंहगड रोडला, म्हणजे पुण्याच्या ह्या टोकापासून त्या टोकाला. सुनेची सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा नातू जेमतेम सहा महिन्यांचा होता. पन्नास किंवा जास्त माणसं असली की कंपनीने पाळणाघराची सोय करायची हे २०१७ पासून कायद्यातच आहे आणि तिच्या कंपनीने ती केलेलीही आहे ऑफिसजवळ, पण एवढ्याशा बाळाला रोज त्या ट्रॅफिकमधून कोण नेणार. मी घरात आहेच, पण रांगणाऱ्या पोरामागे धावायला माझे गुडघे नाहीत. मग घरकामाला बायका मिळवून देणारा ब्युरो गाठला.

ब्युरोने रजिस्ट्रेशनचे आठ हजार घेतले, पगार सांगितला अठरा, बारा तास, महिन्याला चार सुट्ट्या. दोन महिन्यांत तीन बायका झाल्या. पहिली चार दिवसांत गेली, तिसरीचा फोनच स्विच ऑफ यायला लागला, पण दुसरी मात्र जाताना मला शहाणं करून गेली. चांगली होती, बाळ तिच्याकडे राहायचं, अकराव्या दिवशी म्हणाली काकू उद्यापासून येणार नाही. मी म्हटलं का गं, आमचं काही चुकलं का. तर ओट्याला टेकून शांतपणे म्हणाली, "चुकलं काही नाही. तुमच्याच बिल्डिंगमध्ये पोळ्या-भाजीचे एका घरचे साडेतीन मिळतात, तासाभराचं काम. पाच घरं धरली की साडेसतरा होतात आणि दीड वाजता मी माझ्या घरी असते. इथे अठरासाठी सकाळी आठला येते ती रात्री आठला सुटते."

मी गप्पच झाले. ती गेल्यावर कालनिर्णयच्या मागच्या बाजूला मांडून पाहिलं. सव्वीस दिवस गुणिले बारा म्हणजे ३१२ तास, अठरा हजार भागिले ३१२, तासाला अठ्ठावन्न रुपये सुद्धा नीट होत नाहीत. आणि पोळ्यांचे तीस दिवस धरले तरी तासाला एकशे सोळा. कणीक मळायला दुप्पट आणि पोटचा गोळा सांभाळायला निम्मे, आणि वर आपणच म्हणायचं की हल्ली चांगल्या बायका मिळत नाहीत. मिळतात की, त्या पोळ्या करतायत!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की महिन्याचा आकडा विचारूच नका. आधी तास मोजा, मग त्या तासांत तीच बाई तुमच्याच एरियात दुसरं काय करून किती कमवू शकते ते बघा, आणि त्याच्या फार खाली जाऊ नका. सोसायटीत कोण किती देतं ह्याला काही अर्थ नाही, एकाच्या घरी सहा तास असतात, एकाकडे बारा, एकाकडे बाळाबरोबर भांडी आणि झाडूफरशीही "तेवढं जरा" म्हणून चिकटवलेली असते.

आमच्या आत्ताच्या मावशी जनता वसाहतीतून येतात. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात, रविवार सुट्टी, बावीस हजार. तासाला ऐंशी पडतात. पोळ्यांशी बरोबरी अजूनही नाही, पण एकाच घरी, बसून-उठून काम, दुपारी बाळ झोपलं की त्याही पडतात तासभर, त्यांनीच हे सगळं बघून हो म्हटलं. घासाघीस झाली ती पगारावर नाही तर सातच्या काट्यावर.

त्याचं असं झालं. पहिल्या महिन्यात मी रोज बघायचे, पावणेसात वाजले की मावशी बाळाचे नाचणीने भरलेले हात पुसायच्या, वाटी-चमचा धुवून पालथा घालायच्या आणि दारामागच्या खिळ्यावरची पर्स काढून मांडीवर घेऊन बसायच्या. एवढ्यात सुनेचा फोन, मावशी भूमकर चौकात अडकलेय, अर्धा तास हं. मावशी "असू दे ताई" म्हणायच्या आणि उठून पर्स परत खिळ्याला. आठवड्यातून तीनदा तरी हे व्हायचं. एकदा त्यांच्या पोरीचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते, पोरगी दहावीला आहे, ती विचारत होती आई डाळ कुकरला लावू का तू येतेस. मावशी म्हणाल्या लाव, आणि मग माझ्याकडे न बघता बाळाला उगाचच थोपटत बसल्या. त्या रात्री मी मुलाला आणि सुनेला बसवून सांगितलं की तुम्हाला ओव्हरटाइम मिळो न मिळो, ह्या घरात मिळणार. सातच्या पुढे अर्ध्या तासाला साठ रुपये, फ्रिजवर कागद लावलाय, त्यावर मावशी स्वतः लिहितात. गंमत म्हणजे कागद लागल्यापासून सून सातच्या आत घरी यायचे मार्ग शोधायला लागली.

आता खरा खर्च सांगते, कारण नवीन आईबाप फसतात ते इथे. बावीस म्हटलं की बावीसमध्ये भागत नाही. दिवाळीला एक पगार बोनस, म्हणजे महिन्याला अठराशेच्या वर बाजूला टाकायचे. पीएमपी बसचा मासिक पास जून २०२५ मध्ये नऊशेवरून पंधराशे झाला, तो आम्ही देतो. ओव्हरटाइमचे सहा-सातशे. हे सगळं धरून सव्वीस हजारांच्या घरात जातं. तेव्हा जो पगार ठरवाल त्याच्यावर जवळजवळ पाचवा हिस्सा आणखी धरून चला. शिवाय वर्षाला बारा भरपगारी रजा, आणि आपण आठ दिवस कोकणात गेलो तर त्या आठ दिवसांचे पैसे कापायचे नाहीत. हे शेवटचं लोकांना अजिबात पटत नाही. अहो, तुम्ही गावाला गेलात म्हणून बँक तुमचा हप्ता सोडते का, मग तिच्या घरभाड्याने का थांबायचं?

चोवीस तासांच्या बाईचा हिशेब निराळाच असतो आणि बाळ-बाळंतिणीला तेल लावून आंघोळ, शेक-शेगडी करणाऱ्या बाईचा आणखी निराळा, ती रोजावर घेते आणि तासाचा भाव काढला तर सगळ्यात वर तीच, आणि तिच्याशी कुणी घासाघीसही करत नाही, कारण चाळीस दिवस आपण तिच्या मुठीत असतो.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. पण तो नोंदणी आणि योजनांचा, पगार किती द्यायचा ह्यावर त्यात एक आकडा नाही. शेजारच्या कर्नाटकाने २००४ सालीच घरकामाला किमान वेतन लावलं. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा. ते होईल तेव्हा होईल. तोवर निदान मावशींची मंडळात नोंदणी करून द्या, अठरा ते साठ वयात होते, आपल्याकडे कामाला आहे असा दाखला आपणच लिहून द्यायचा असतो आणि तिथेच लोक कच खातात, सही केली तर उद्या अंगाशी येईल म्हणून. मी सही केली, काही अंगाशी आलं नाही. वर्षाला वीस रुपयांचा दोन लाखांचा अपघात विमा आहे, तोही त्यांच्या खात्यातून चालू करून दिला. वीस रुपये हो, एक चहा!

मी काही पहिल्यापासून शहाणी नव्हते. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी पगार आणि आजारपणाच्या रजेवरून संप केला तेव्हा मी कॉलेजात होते, आणि आमच्या घरात चार दिवस भांडी मीच घासली म्हणून मला त्या बायकांचा रागच आला होता. पुढे १९८७ ला मुलगा झाला, बँकेतली नोकरी होती, तो वाड्यातल्या एका आजींकडे राहायचा, दहा ते सहा, महिन्याला दीडशे रुपये. माझा पगार तेव्हा सतराशेच्या आसपास. दीडशे कुणी ठरवले तर मीच, आणि त्या म्हणाल्या, द्या काय द्यायचं ते, माझ्या नातवासारखाच आहे. चार वर्षांत मी एकदाही वाढवले नाहीत. नातवासारखा आहे हे वाक्य ऐकलं की मला आता भीतीच वाटते, कारण त्याच्यापुढे पैशाचं बोलणं बंद होतं आणि ते नेहमी एकाच बाजूच्या फायद्याचं असतं.

सगळ्यांना बावीस-सव्वीस परवडत नाहीत हे मलाही कळतं. एकट्याच्या पगारावर घर चालत असेल तर नाहीच परवडणार. मग तास कमी करा, सहा तास ठेवा आणि बाकीचं घरातल्यांनी वाटून घ्या, नाहीतर शेजारच्या एका बाळाबरोबर मिळून एक बाई ठेवा आणि तिला दीडपट द्या, किंवा सरळ पाळणाघर बघा, आमच्याकडे नऊ-दहा हजारात आहेत, फक्त बाळाला ताप आला की घेत नाहीत. पण बारा तास हवेत, बाळ हसतं-खेळतं हवं, टीव्हीसमोर बसवायचं नाही, जेवण भरवायचं तेही गाणी म्हणत, आणि रेट मात्र सोळाच्या आत, हे जमायचं नाही. चौदा अंगठे आले म्हणून काही ते गणित सुटत नाही.

ता.क. मावशींना आमच्याकडे एक वर्ष झालं, ह्या महिन्यापासून त्यांचा पगार साडेतेवीस केलाय. ग्रुपवर टाकलेलं नाही, तुमच्यामार्फतच कळवते.

आपली,
बी विंगमधली एक आजी
सिंहगड रोड, पुणे