वाहनतळ नाही म्हणून पाळणाघर नाही?

मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात बचत गटाला पाळणाघर काढायचं आहे. जागा आहे, सांभाळणाऱ्या दोघी तयार आहेत, मजुरीला जाणाऱ्या बायका महिन्याचा वाटा द्यायला कबूल आहेत. अडलंय ते एवढ्यावरच की परवानगी कोणी द्यायची. ग्रामपंचायत म्हणते, लेकरांचा विषय आहे, बालविकास प्रकल्प कार्यालयात जा. तिथे म्हणतात, आमच्याकडे अंगणवाड्या. खासगीचं तुमची पंचायतच बघेल. ‘नाही’ असं कोणीच म्हणत नाही. लेखी नकार मिळाला असता तर निदान अपील केलं असतं.

शेवटी कागदांची एक यादी हातात आली. शहरातल्या व्यावसायिक इमारतीची असावी. मंजूर नकाशा, वास्तुविशारदाचा दाखला, अकृषिक परवाना (शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायचा), वाहनतळ. आमची जागा गावठाणातली, ग्रामपंचायतीच्या घरांच्या वहीत, म्हणजे नमुना 8 ला, नोंद असलेली. दोन खोल्या, पुढे ओसरी, वर टिनं. गावठाणातल्या घराला अकृषिक परवाना कशाचा मागता? आणि आया येतील त्या लेकरू कडेवर घेऊन, पायी.

मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. वावराला आस्थापना कोण म्हणणार? कापसाची वेचणी किलोवर असते. धुऱ्यावरच्या निंबाखाली निजवलेल्या लेकराकडे बाई जितक्यांदा जाते, तितका संध्याकाळी काट्यावर कापूस कमी भरतो. मग थोरल्या पोरीची शाळा बुडवतात. आमच्या गटातली एक म्हणाली, ‘‘वावरात नेलं त उन्हात, घरी ठेवलं त कोणाजवळ?’’ अंगणवाडी दुपारीच सुटते, वेचणारी दिवस मावळता येते.

नियम नकोत असं आम्ही म्हणत नाही. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळं गेली. 2004 मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून भडकलेल्या आगीत 94 मुलं गेली, वर गवती छप्पर होतं. म्हणून चूल लेकरांच्या खोलीपासून वेगळी हवी, बाहेर पडायला दोन दारं हवीत, वायरिंग तपासलेलं हवं. हे आमच्याकडून सक्तीने करून घ्या.

पण इथल्या लेकराला ज्याचा धोका आहे, ते त्या यादीत नाहीच. उन्हाळ्यात पारा 45 वर जातो. टिनांखाली छत घातलं आहे का, हे कोणी विचारत नाही. आवारातली विहीर, हौद झाकलेला आहे का, तेही नाही. फवारणीच्या औषधाचे डबे शेजारच्या खोलीत, कधी पलंगाखालीही असतात. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. तरी डबे कुठे ठेवता, हा प्रश्न यादीत नाही, आणि वाहनतळ मात्र आहे!

तेव्हा विनंती अशी. गावठाणातल्या घरात चालणाऱ्या छोट्या पाळणाघरांसाठी वेगळा शासन निर्णय काढा. अर्ज एकाच ठिकाणी घ्या. आमच्या मते बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. अंगणवाडीची पर्यवेक्षिका आणि पंचायतीचा माणूस दोघांनी मिळून येऊन जागा पाहावी आणि तीस दिवसांत हो की नाही ते लेखी कळवावं. उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरा, असं आम्ही मागत नाही. न तपासता उघडलेल्या पाळणाघरात आम्हीच आमची लेकरं ठेवणार नाही. पुढेही वर्षातून एकदा न सांगता येऊन बघा.

वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास लागते. निर्णय त्याआधी निघाला तर ओसरीला जाळी आणि टिनांखाली छत आम्ही वर्गणीतून करून घेऊ. तपासणीला कोण येणार, तेवढं कळवावं.

आपली,
बचत गटाची सचिव,
जि. यवतमाळ