डाळिंब लावण्याआधी

चि. महादेव यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी नुसतं ‘बघू’ म्हणालो, ते नाराजीनं नव्हे. तू कोईमतूर सोडून डाळिंब लावायला गावी येणार म्हटल्यावर तुझी आई शेजारी रडायला लागली, मग मलाही बोलणं सुधरेना. म्हणून हे पत्र.

आटपाडीत टेंभूचं पाणी आलं, हे खरं. 1996 साली योजना मंजूर झाली तेव्हा कराडजवळची कृष्णा उचलून आपल्या माळावर येईल, असं कुणाला पटत नव्हतं. पाण्यासाठी लढणाऱ्या नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदेला मी भाकरी बांधून जायचो, तेव्हा लोक हसायचे. 1972 ला तुझ्या आजोबांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढं विटा, खानापूर, आटपाडी, सगळीकडची पोरं सोनं गाळायला मुलूखभर पांगली. तूही दहावी होताच मामाबरोबर गलाईला गेलास. तेजाबाच्या धुरानं तुझी छाती भरते, ते मला फोनवर खोकल्यातून कळतं. तू यावंस असं मला फार वाटतं रे.

पण डाळिंबाच्या भरवशावर सगळं एकदम सोडू नकोस. डाळिंबावरचा तेल्या रोग तू जवळून पाहिलेला नाहीस. आधी पानावर तेल सांडल्यागत बारीक ठिपका दिसतो. मग फळावर काळा डाग पडतो आणि तिथंच फळ उलतं. आठवडाभर ढगाळ राहिलं की सौद्याला न्यायची फळं खड्ड्यात गाडायची पाळी येते. आपल्या शिवेवरची बाग मर रोग लागून वाळली. झाडं उपटून झाली, औषधवाल्याची उधारी अजून फिटायची आहे.

माझं ऐक. तिथलं गलाईचं दुकान भागीदाराकडं चालू ठेव. ओढ्याकडचं एकच एकर भगवा जातीचं डाळिंब लावू. वरच्या रानात शाळू राहू दे, म्हशींना कडबा लागतोच. बहार धरायचा तो हस्ताचा, म्हणजे पाऊस सरताना फुलं येणारा; पावसाळ्यात झाडावर फळ असलं की तेल्या आवरत नाही. लागणीनंतर दोन वर्षं तरी पैसा दिसत नाही, तोवर दुकानावर घर चालेल.

आणि सूनबाईला विचारलंस का? पोरं तमिळ शाळेत रुळलीत. इथं मोठं दुखणं निघालं तर सांगली-मिरज गाठावी लागते. तिच्या मनात नसेल तर तिला ओढून आणू नकोस. ती इथं झुरत बसलेली मला बघवणार नाही.

चैत्रात खरसुंडीच्या यात्रेला सगळे या. पोरांना खिलारी खोंडं दाखवू, सूनबाईशी मी स्वतः बोलेन. तोवर खालच्या रानाची माती तपासायला देतो; चुनखडी जास्त निघाली तर जागा बदलू. खड्डे मात्र तुम्ही दोघं येऊन रान बघितल्याशिवाय काढणार नाही.

तुझे आप्पा