ईस्टरची तारीख पौर्णिमेची, अंडे उपवासाचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, जवळ आला की वर्तमानपत्रांत ससा, चॉकलेटची अंडी आणि रंगीत टोपल्या यांची छायाचित्रे झळकतात आणि वर ‘जगभर ईस्टर उत्साहात’ असा मथळा लागतो. त्यात दोन गोष्टी हमखास निसटतात. ईस्टर जगभर एकाच दिवशी नसतो. आणि अंडे या सणात आले ते सशामुळे नव्हे, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासामुळे. पंचांग आणि उपवास दोन्ही मराठी घरात रोजचे आहेत, त्यामुळे हे आपल्या वाचकांना समजायला मुळीच अवघड नाही.

आधी तारीख. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार, तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरतो. आपल्या हिशेबाने ही पौर्णिमा बहुतेक वेळा चैत्राची असते. २०२३ मध्ये हनुमान जयंती गुरुवारी, ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ एप्रिलला. होळी उशिरा आली तर मात्र फाल्गुनी पौर्णिमाच धरली जाते. २०२४ मध्ये २५ मार्चला धुळवड आणि ३१ मार्चला ईस्टर आला तो त्यामुळे.

तरीही नुसते पंचांग पाहून तारीख छापू नये. चर्च आकाशातली पौर्णिमा घेत नाही, शतकांपूर्वी बसवलेल्या कोष्टकातली घेते. २०१९ मध्ये पौर्णिमा भारतीय वेळेनुसार २१ मार्चच्या सकाळी पूर्ण झाली, पण कोष्टकात ती २० मार्चला होती. त्या एका दिवसाने ती पौर्णिमा बाद झाली आणि ईस्टर थेट २१ एप्रिलला गेला. दुसरी चूक होते ती पौर्णिमा रविवारी पडली की. अशा वेळी तोच रविवार न घेता पुढचा घ्यायचा असतो. २०२५ मध्ये कोष्टकातली पौर्णिमा रविवारी, १३ एप्रिलला होती, म्हणून ईस्टर २० एप्रिलला आला.

ग्रीस, रशिया, सर्बिया, इथिओपिया येथील ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतली, चर्च हीच रीत पाळतात, पण जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवर. ती आज १३ दिवस मागे आहे, म्हणजे त्यांचा २१ मार्च आपल्या ३ एप्रिलला उजाडतो. शिवाय त्यांच्या कोष्टकातली पौर्णिमाही खऱ्या पौर्णिमेच्या चार-पाच दिवस मागे पडते. त्यामुळे कधी दोन्ही ईस्टर एकाच दिवशी येतात (२०२५), कधी आठवड्याचे अंतर पडते (२०२६ मध्ये ५ आणि १२ एप्रिल), तर कधी पाच आठवड्यांचे (२०२४ मध्ये ३१ मार्च आणि ५ मे). अथेन्समधल्या ईस्टरचे छायाचित्र मुंबईतल्या ईस्टरच्या दिवशी छापले, तर ते बहुतेक वेळा मागच्या वर्षीचे असते.

आता अंडे. मध्ययुगातल्या युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडी वर्ज्य असत. कोंबड्यांना मात्र उपवास ठाऊक नसतो, आणि वसंतात दिवस मोठा होऊ लागला की त्या जास्तच अंडी घालतात. घरात अंडी साठत, आणि उपवास सुटला की पहिल्या ताटात तीच येत. इथिओपियात ही रीत आजही अगदी कडक आहे. तिथे ५५ दिवस मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही. ईस्टरच्या आदल्या रात्री प्रार्थना मध्यरात्रीनंतरही चालते आणि मग ‘डोरो वट’ने उपवास सुटतो. हा कोंबडीचा झणझणीत रस्सा, आणि त्यात अख्खी उकडलेली अंडी.

ग्रीसमध्ये अंडी ईस्टरच्या आधीच्या, पवित्र गुरुवारी रंगवतात, आणि रंग एकच, लाल. तो ख्रिस्ताच्या रक्ताचा. कवच म्हणजे बंद कबर. शनिवारी मध्यरात्री ‘ख्रिस्तोस अनेस्ती’, म्हणजे ख्रिस्त उठला आहे, हा घोष झाला की एकाने अंडे मुठीत टोक वर करून धरायचे आणि दुसऱ्याने आपल्या अंड्याच्या टोकाने त्यावर ठोकायचे. ज्याचे शेवटपर्यंत फुटत नाही, त्याचे वर्ष चांगले जाते असे मानतात.

हा रंग घरी कांद्याच्या सालींपासून करता येतो. बारा अंड्यांसाठी बारा-पंधरा कांद्यांच्या बाहेरच्या कोरड्या साली एक लिटर पाण्यात अर्धा तास मंद आचेवर उकळाव्यात, पाणी गाळून पूर्ण गार करावे आणि त्यात तीन मोठे चमचे पांढरे व्हिनेगर घालावे. फ्रिजमधून काढलेली अंडी आधी तासभर बाहेर ठेवावीत. थंडगार अंडे गरम पाण्यात सोडले की कवच तडकते आणि पांढरा भाग बाहेर येतो, बहुतेकांचे इथेच बिघडते. अंडी गार रंगातच ठेवून हळूहळू उकळी आणावी, बारा-पंधरा मिनिटे शिजवावीत आणि गडद रंग हवा असेल तर त्याच पाण्यात निवू द्यावीत. रंग विटकरी येतो, लालभडक नव्हे. व्हिनेगर कवचातल्या चुन्याला किंचित खाते, त्यामुळे रंग धरतो. पण ते जास्त झाले की कवच खरबरीत होते. तेलाचा हात शेवटी, अंडी कोरडी झाल्यावरच फिरवावा. आधी तेलकट बोट लागले तर तिथे रंग बसत नाही. बीटच्या नादी लागू नये, त्याचा रंग उकळताना मरतो. आणि ही अंडी खायची असतील तर आपल्याकडच्या एप्रिलच्या उकाड्यात एका तासापेक्षा जास्त वेळ शोभेला मांडून ठेवू नयेत.

युक्रेनची ‘पिसांका’ खाण्यासाठी नसते. तिथे कच्चे अंडे घेतात आणि काडीला बांधलेल्या इवल्याशा तांब्याच्या नरसाळ्यातून वितळलेल्या मधमाशीच्या मेणाने त्यावर रेघा ओढतात. आपल्या वाचकांना ‘अंड्यावरचे बाटिक’ म्हटले की पुरे. जे पांढरे राहायला हवे ते आधी मेणाने झाकायचे, मग पिवळ्यात बुडवायचे. पिवळे राखायचे ते झाकायचे, मग लाल, आणि शेवटी काळा. क्रम फिकटाकडून गडदाकडेच, कारण उलटे जाता येत नाही. अखेरीस अंडे मेणबत्तीच्या ज्योतीशेजारी धरून मेण पुसतात. ज्योतीच्या वर धरले की काजळी बसते आणि कित्येक तासांचे काम काळवंडते. युनेस्कोने २०२४ मध्ये या कलेची वारसा म्हणून नोंद केली.

ससा जर्मनीतला. तिथल्या स्थलांतरितांनी तो अमेरिकेत नेला आणि दुकानांनी त्याला जगभर पोहोचवले. त्यावर एवढे पुरे.

खरे छायाचित्र हवे असेल तर वसईत शनिवारी रात्री यावे. चर्चबाहेर अंधारात अग्नी पेटवला जातो, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, त्या वर्षाचे आकडे आणि धुपाचे पाच खडे बसवतात, आणि त्या एका ज्योतीवरून शेकडो मेणबत्त्या पेटत जातात. गोव्यात आणि मुंबईत या दिवसांत काजूच्या किंवा बदामाच्या मार्झिपॅनची, म्हणजे साखर घालून वाटलेल्या गोळ्याची, अंडी मिळतात. काजू जास्त वेळ वाटले तर तेल सुटते आणि अंडे साच्यात आकार धरत नाही, हे काजूकतली करणाऱ्या कोणालाही पटेल.

एक विनंती कळकळीची. गुड फ्रायडे हा येशूच्या मृत्यूचा दिवस आहे. त्या दिवशी शुभेच्छांचा मजकूर किंवा जाहिरात छापू नये, मने दुखावतात. शुभेच्छा रविवारी द्याव्यात. २०२७ मध्ये तो रविवार २८ मार्चला आहे, होळीनंतरचा. ग्रीस आणि इथिओपियाच्या बातमीसाठी मात्र २ मेची जागा राखून ठेवावी.

आपला,
एक वाचक, वसई