'उपलब्ध असल्यास' ही पळवाट नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सुरक्षेच्या सरकारी अटींतील 'उपलब्ध असल्यास' या शब्दांबद्दल हे पत्र आहे. कोथरूडमधील आमच्या गृहरचना संस्थेच्या फाटकावरचा असा कॅमेरा चित्र धूसर देऊ लागल्याने गेल्या महिन्यात बदलला. जुना भंगारात देण्याआधी मी तो घरी आणून उघडला. भोसरीतल्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स विभागात आयुष्य गेल्यामुळे ही खोड अजून सुटलेली नाही. बोर्डावर चाचणीसाठी ठेवलेले चार ठिपके होते. तापकीर गल्लीतून आणलेला सीरियल कन्व्हर्टर, म्हणजे बोर्ड संगणकाला जोडणारे छोटे उपकरण, त्यांना जोडला आणि कॅमेऱ्याने पासवर्ड न विचारताच मला आत घेतले. वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या फ्लॅश मेमरीत संस्थेच्या वायफायचा पासवर्ड उघड्या अक्षरांत होता, आणि कॅमेरा सर्व्हरला आपली ओळख ज्या खासगी किल्लीने, म्हणजे गुप्त ठेवायच्या लांबलचक आकड्याने, पटवतो ती किल्लीही तिथेच होती. त्याच खरेदीतला जिन्याखालचा दुसरा कॅमेरा अध्यक्षांच्या परवानगीने उघडला, तर त्यातही अक्षरन् अक्षर तीच किल्ली. म्हणजे भंगारातून एक कॅमेरा उचलणाऱ्याला उरलेल्या साऱ्यांचे सोंग घेता आले असते.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. एकाच चिपमध्ये दोन वेगळे भाग करून, चित्र, जाळे आणि अॅप यांचा सगळा राबता एका भागात ठेवायचा आणि किल्ल्या व त्यांच्याशी संबंधित गणित दुसऱ्या, अलग भागात करायचे, अशी ही रचना आहे. तिला 'ट्रस्टेड एक्झिक्युशन एन्व्हायर्न्मेंट', थोडक्यात 'टीईई' म्हणतात. जुन्या वाड्यात आल्यागेल्याला ओसरी खुली असे, दागिन्यांचा डबा मात्र आतल्या खोलीत असे, तसेच हे. ओसरीवरचा प्रोग्रॅम आत मजकूर पाठवतो आणि आतल्या किल्लीने सही, म्हणजे खरेपणाची अंकीय खूण, होऊन आलेला मजकूर परत घेतो. किल्ली स्वतः कधी बाहेर येत नाही. त्यामुळे ओसरी चोराच्या हाती गेली तरी किल्लीची नक्कल त्याला नेता येत नाही. आर्म कंपनीची 'ट्रस्टझोन' ही अशी रचना दोन दशके जुनी आहे आणि २०१५ साली ती छोट्या उपकरणांत बसणाऱ्या मायक्रोकंट्रोलर चिपसाठीही जाहीर झाली. महाग पडते, ही सबब आता टिकणारी नाही, कारण २०२४ मध्ये ५ डॉलरला बाजारात आलेल्या 'रास्पबेरी पाय पिको २' या शिकाऊ मुलांच्या बोर्डावरील चिपमध्येही ट्रस्टझोन आहे.

हा रामबाण आहे असा माझा दावा नाही. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून. दारच उघडे असताना आतल्या खोलीने ती घुसखोरी थांबली नसती. शिवाय २०१८ मध्ये 'फोरशॅडो' या त्रुटीने इंटेल कंपनीच्या चिपमधील 'एसजीएक्स' या अशाच अलग भागातूनही गुपिते बाहेर काढता येतात हे दाखवून दिले. तरीही आमच्या दोन कॅमेऱ्यांत एकच किल्ली उघड्यावर सापडली, ते दर यंत्राला वेगळी किल्ली आणि ती अलग भागात, एवढ्याने टळले असते.

आता मूळ मुद्दा. केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेद्वारे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी ठरवल्या आणि मुदतवाढीनंतर त्या एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. प्रत्येक यंत्राच्या किल्ल्या वेगळ्या असाव्यात आणि चाचणीची दारे बंद किंवा अवघड पासवर्डमागे असावीत, हे त्यात आहे आणि ते स्वागतार्हच आहे. टीईईबाबत मात्र अट अशी की, चिपमध्ये ती सोय उपलब्ध असल्यास वापरलेली व चालू असावी. साहजिकच ज्याला ही कटकट नको, त्याने ती सोय नसलेली चिप निवडली की काम झाले! किल्ल्या मजबूत कूटलेखनाने, म्हणजे वाचता न येणाऱ्या रूपात बदलून, झाकून ठेवण्याचा पर्यायही दिलेला आहे. पण ते कूटलेखन उलगडणारी किल्ली त्याच फ्लॅश मेमरीत असेल, तर कुलूप लावून किल्ली दारालगतच्या कोनाड्यात ठेवण्यासारखेच ते झाले.

याच देशात दुसरीकडे असा संकोच दाखवलेला नाही. आधारसाठी बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्रांची 'एल १' ही पातळी ठरवताना, ठशाच्या माहितीवरील सही आणि कूटलेखन टीईईतच व्हावे आणि यंत्र ज्या संगणकाला जोडले आहे त्याला किल्ली काढून घेता येऊ नये, असे स्पष्ट ठरवले आहे. रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्राला जे लागू करता येते, ते चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांना आणि घरोघरी बसू लागलेल्या स्मार्ट वीजमीटरना का लागू करता येऊ नये, हे मला उमगत नाही.

केंद्राची अट बदलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. किमान अटींपेक्षा जास्त मागण्यापासून खरेदीदाराला कोणी अडवत नाही. पुणे महापालिकेने आपल्या पुढच्या निविदेत टीईईच्या अटीतले 'उपलब्ध असल्यास' हे शब्द गाळावेत, उत्पादकाची अंकीय सही नसलेले सॉफ्टवेअर यंत्राने सुरूच करू नये ही अटही ठेवावी, आणि कॅमेरा बाद करताना त्यातील किल्ली सर्व्हरवरून रद्द करण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकावी. जुने कॅमेरे नव्या नियमाच्या कक्षेबाहेर राहिले आहेत, हे गृहरचना संस्थांनीही ध्यानात घ्यावे. निदान या कॅमेऱ्यांचे वायफाय वेगळे करावे आणि बाद झालेला कॅमेरा मेमरीची चिप फोडल्याशिवाय भंगारात देऊ नये.

आमच्या संस्थेने नव्या खरेदीच्या दरपत्रकात 'किल्ली कोठे साठवली जाते?' असा एक रकाना घातला होता. तीन दरपत्रके आली. दोघांनी तो रकाना मोकळा सोडला आणि तिसऱ्याने 'टीईई उपलब्ध' असे लिहिले. उपलब्ध म्हणजे चालू आहे का, असे आम्ही त्यांना पत्राने विचारले आहे. उत्तर येईपर्यंत खरेदी थांबवली आहे.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स अभियंता,
कोथरूड, पुणे