नोकऱ्यांचा आकडा नको, पदांची यादी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऊर्जा कंपन्या देशाच्या अर्थव्यवस्थेत किती भर घालतात आणि किती हातांना काम देतात, यावर आपल्या पानावर पत्रे येत आहेत. कोकणातून लिहिणारे एक तर प्रकल्प हवाच म्हणतात, नाहीतर नकोच. मी गुहागर तालुक्यातला. शासकीय आयटीआयमध्ये संधाता, म्हणजे वेल्डर, या व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो, आता निवृत्त आहे. कोणी ‘इतके हजार रोजगार’ म्हणाले की मी लगेच विचारतो: कुठल्या ट्रेडचे, कुठली परीक्षा लागणार, कायम की ठेक्यावर? याची उत्तरे मिळाल्याशिवाय मला तो आकडा कळत नाही.

जे मिळाले ते आधी मान्य करतो. अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या सड्यावर उभ्या राहिलेल्या वीजप्रकल्पाने देशाला काहीच दिले नाही, हे मला पटत नाही. २०१५ च्या अखेरीस इथली वीज रेल्वेला जाऊ लागली, सुमारे ५०० मेगावॉट. रेल्वेला ती आधीच्या दरापेक्षा स्वस्त पडली आणि मध्य रेल्वेच्या गाड्या तिच्यावर धावल्या. दिव्याहून, डोंबिवलीहून रोज लोकलला लोंबकळत कामावर जाणारा आमचा चाकरमानी आपल्याच तालुक्यातल्या विजेवर प्रवास करत होता. याचा मला अभिमान वाटतो.

पण वहीला दुसरी बाजूही असते. डिसेंबर १९९३ मध्ये तेव्हाच्या राज्य वीज मंडळाने हाच प्रकल्प उभारणाऱ्या, एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज कंपनीशी करार केला. वीज उचलली नाही तरी क्षमतेचा आकार, म्हणजे प्रकल्प तयार ठेवल्याचे पैसे, द्यायचा, तोही डॉलरच्या भावाशी बांधलेला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्था या खनिज तेलापासूनच्या इंधनावर सुरू झाला आणि मे २००१ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे वाजले. २००५ मध्ये गेल आणि एनटीपीसी या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने, हा प्रकल्प चालवायला रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी आली. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस कमी झाला आणि २०१३ च्या सुमारास वीजनिर्मितीचे संच पुन्हा थंडावले. शेजारचे एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू, जहाजांतून उतरवण्याचे टर्मिनल वर्षाला ५० लाख टनांचे, पण लाटा अडवणारा बंधारा अपुरा राहिल्याने तिथे अनेक वर्षे पावसाळ्यात जहाज लागू शकत नव्हते. कागदावर प्रकल्प १,९६७ मेगावॉटचा आहे. देशाच्या उत्पन्नात मात्र संच फिरला तरच भर पडते. तेव्हा कंपनीने देशाला काय दिले हे मांडताना बंद पडलेली वर्षेही त्याच पानावर मांडली पाहिजेत.

आता रोजगाराकडे येतो, कारण पत्र त्यासाठीच लिहायला घेतले आहे.

वीजप्रकल्पाला माणसे दोन वेळा लागतात. बांधकामाला हजारोंनी, आणि तो चालवायला काही शेकड्यांनी. गॅसवरच्या प्रकल्पात तर आणखी कमी. गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणारी सहाशे अंशांच्या आसपासची गरम हवा बॉयलरमध्ये नेऊन तिच्यावर वाफ करतात आणि त्या वाफेवर दुसरे टर्बाइन फिरते. कोळसा ओढायचा नाही, राख उपसायची नाही. कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसलेली मोजकी माणसे पाळ्या सांभाळतात. जाहीर सभेत सांगितला जातो तो आकडा बहुधा बांधकामाचा असतो, आणि गावात ऐकणारा मात्र तो वडिलांच्या वीज मंडळातल्या नोकरीसारखा समजून घेतो. आशा तिथे लागते.

बांधकामातली चांगल्या मजुरीची कामेही आमच्या मुलांना का मिळत नाहीत, ते मी जवळून पाहिले आहे. आयटीआयचा वेल्डर कोर्स एक वर्षाचा. मुलगा प्लेटवर बैठी आणि उभी जोड शिकतो, गॅस कटिंग शिकतो, प्रमाणपत्र घेतो. प्रकल्पावर मात्र लागतो पाइप वेल्डर, ६जी पास झालेला. ६जी म्हणजे पाइप ४५ अंशांत तिरका घट्ट बसवलेला असतो. तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरत, कधी वाकून, कधी मान वर करून जोड पुरी करायची. आतला पहिला थर आर्गॉन वायूच्या वेल्डिंगने, वरचे थर रॉडने. मग त्या जोडाचा एक्स-रे काढतात. आत पोकळी दिसली, पहिला थर नीट भिनलेला नसला की नापास. उच्च दाबाच्या वाफेच्या पाइपांना पी-९१ सारखे मिश्र पोलाद असते. त्याला जोडाआधी ठरावीक तापमानापर्यंत तापवावे लागते आणि नंतरही. एलएनजीचे काम याच्या अगदी उलट टोकाचे. तो द्रव उणे १६२ अंशांचा, त्याच्या पाइपांचे स्टेनलेस वेगळे आणि हातही वेगळा लागतो. असा हात पाच-पंधरा दिवसांच्या शिबिरात बसत नाही. त्यासाठी महिनोन्‌महिने पाइप कापून, जोडून, वाया घालवावे लागतात. आमच्या कार्यशाळेत वर्षाला मिळणारा कच्चा माल प्लेटच्या सरावालाही जेमतेम पुरायचा.

मग ठेकेदार परप्रांतातून तयार वेल्डर आणतो. त्याचा राग करण्यात अर्थ नाही, त्याला मुदत पाळायची असते. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. माझ्याकडे शिकलेला एक मुलगा जिल्ह्यातल्या एका बांधकामावर गेला. हातात प्रमाणपत्र असूनही एका पोटठेकेदाराने त्याला हेल्परच्या हजेरीवर ठेवले. ग्राइंडर मार, रॉड आणून दे, होल्डर धर. काम संपले तेव्हा ना अनुभवाचा दाखला, ना भविष्यनिर्वाह निधीचा पत्ता. त्याने स्वतःच्या पैशांनी मुंबईत एका वर्कशॉपमध्ये आर्गॉन शिकून ६जी काढली. आज तो आखातात गॅसच्या प्लांटवर आहे. त्याच्या घरी बरे चालले आहे, मला आनंद आहे. पण हे कसब घरापासून तासाभराच्या वाटेवर लागत होते तेव्हा त्याला ते कोणीच शिकवले नव्हते.

हे होऊ शकत नाही असे मुळीच नाही. चिपळूण तालुक्यात पोफळी, अलोरे भागात जा. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या कामावर चिकटून तिथेच ऑपरेटर, फिटर, वायरमन म्हणून निवृत्त झालेल्यांची घरे मला माहीत आहेत. त्यांनी मुले शिकवली, विहिरी बांधल्या, आंब्या-काजूची लागवड केली. एका पगारावर वाडीतली चार घरे उभी राहिली. रोजगार म्हणून मी तो धरतो.

आणखी एक वजाबाकी कोणी करत नाही. जैतापूरला प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, असा बेत आहे. त्याला लागूनच साखरीनाट्याचे मासेमारी बंदर आहे. तिथल्या नौकांवरचे खलाशी, बर्फवाले, जाळी विणणारे, मासळी निवडणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बायका यांच्यातले बहुतेक कुठल्याच हजेरीपटावर नाहीत. आंब्याच्या बागेत फवारणी, राखण, पेट्या भरणे यावर जगणारेही तसेच. नाणारच्या, पुढे बारसूच्या रिफायनरीच्या वेळी लाखभर रोजगारांची भाषा झाली. त्यातून या आजच्या कामातले किती जाईल हे कोणी मांडून दाखवल्याचे मी पाहिले नाही. जैतापूर किंवा रिफायनरी व्हावी की नाही हे मी या पत्रात सांगत नाही. पण नव्या नोकऱ्या मिळवायच्या आणि गेलेल्या वगळायच्या, असा हिशेब मी वर्गातल्या मुलाकडूनही घेतला नसता.

म्हणून माझे मागणे असे. प्रकल्पाला मंजुरी मागताना कंपनीने रोजगाराचा एकच गोळाबेरीज आकडा देऊ नये. ट्रेडप्रमाणे पदे द्यावीत: बांधकामात किती, चालवताना किती, कुठल्या पदाला कुठले प्रमाणपत्र, किती कायम आणि किती ठेक्याची. यादी मराठीत असावी आणि ग्रामसभेत वाचली जावी. पहिली वीट बसण्याच्या किमान दोन-तीन वर्षे आधी तालुक्याच्या आयटीआयला आर्गॉनचे संच, पाइपांचे तुकडे आणि एक्स-रे तपासणीची सोय कंपनीच्या खर्चाने मिळावी. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसायला अनुभव लागतो, तो मुलांना चालू कारखान्यात मिळवून द्यावा. मुलींनाही घ्यावे. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या कामात मी पाहिलेले सर्वांत स्थिर हात मुलींचे होते.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा तर १९६१ पासून आहे. ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेने ठेक्याच्या माणसांसह एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. जिल्ह्यातल्या मोठ्या ऊर्जा प्रकल्पांनी, जयगडच्या १,२०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रापासून आमच्या अंजनवेलपर्यंत, दरवर्षी किती घेतले, त्यांत याच जिल्ह्यातले किती आणि शिकून झाल्यावर कामावर किती राहिले, हे तीन आकडे आपल्या वार्ताहराने मागावेत आणि याच पानावर छापावेत. माझ्या निवृत्त सहकाऱ्यांपैकी काही जण आठवड्यातून दोन दिवस विनामोबदला ६जी शिकवायला तयार आहेत. त्यांच्यात मीही आहे. आम्हांला फक्त पाइप आणि आर्गॉनचे सिलिंडर हवेत.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (संधाता)
ता. गुहागर, जि. रत्नागिरी