पंपाचे तास कोण मोजतो?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वीजवितरणात स्पर्धा आणा, असे सांगणारा कालचा अग्रलेख वाचला. मोबाइलची कंपनी निवडता येते तशी विजेचीही निवडता यावी, हा दाखला येणार हे गृहीतच होते. तो दुसऱ्याच परिच्छेदात आला. विजेला तार लागते, साहेब. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १४ नुसार त्याच भागात दुसरा परवाना घेणाऱ्याने स्वतःच्या तारा ओढायच्या असतात. सांगलीतल्या कुपवाड एमआयडीसीत आणि विश्रामबागेत कोणीही ओढेल. जत-आटपाडीच्या शिवारात एका पंपासाठी रांगेने खांब रोवायला कोण येणार? बडा ग्राहक निघून गेला तरी दीर्घ मुदतीच्या वीजखरेदी करारांचा स्थिर खर्च त्याच्यामागून जात नाही, मागे राहिलेल्यांच्या बिलावर चढतो.

पण खरी मेख गळतीच्या, म्हणजे सोडलेल्या विजेतून वापर वजा करून उरणाऱ्या, आकड्यात आहे आणि त्यावर अग्रलेखात अवाक्षर नाही. मीटर नसलेल्या पंपाला अश्वशक्तीवर आकारणी होते. त्याने किती वीज ओढली हे कोणी मोजत नाही, अंदाजाने लिहितात. समजा, शेतीच्या एका ११ केव्ही फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर) महिन्यात १,००,००० युनिट सोडले आणि त्यावर ५ अश्वशक्तीचे १८० पंप आहेत. एकूण भार सुमारे ६७१ किलोवॉट. पंप महिन्याला १०० तास चालले असे धरले, तर वापर ६७,१०० युनिट आणि गळती ३३ टक्के. तेच १२५ तास धरले, तर वापर ८३,९०० आणि गळती १६ टक्के! तार बदलली नाही, तारेवर आकडे टाकून वीज चोरणारा एकही पकडला नाही. कागदावर २५ तास वाढले आणि गळती निम्म्यावर आली. चोरीची वीज शेतकऱ्याच्या नावावर आणि अनुदानाची रक्कमही त्याच हिशेबावर.

वीज कायद्याच्याच कलम ५५ प्रमाणे मीटरविना वीज देणे जून २००५ नंतर बंद व्हायला हवे होते. मुदत वाढवण्याची पळवाट मात्र त्याच कलमात आहे. प्रत्येक पंपाला मीटर जमत नसेल तर निदान प्रत्येक डीपीवर (रोहित्रावर) बसवा आणि त्याचे वाचन फीडरच्या मीटरबरोबर एकाच तारखेला घ्या. तारखा चुकल्या की वजाबाकीला अर्थ उरत नाही.

गळतीचा हा आकडा पक्का नसेल तर गुंतवणूकदार कशाच्या भरवशावर बोली लावणार? फ्रँचायझी पद्धतीत खासगी कंपनी फीडरच्या तोंडाशी वीज घेते आणि वसुली स्वतः करते. सुरुवातीची गळती चुकीची धरली की सगळे गणित फसते. भिवंडीत २००७ पासून हे चालले, कारण तिथे यंत्रमाग आहेत, वापर मीटरवर आहे आणि गळती कमी करून पैसा सुटत होता. औरंगाबादेत २०१४ मध्ये आणि नागपुरात २०१९ मध्ये मात्र महावितरणला खासगी कंपनीकडून कारभार परत घ्यावा लागला. यातले एकही नाव अग्रलेखात नसावे याचे आश्चर्य वाटते.

जाता जाता. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेला 'महिन्यात अमुक मेगावॉट वीज लागली' असे आपल्या आवृत्तीत वारंवार छापून येते. मेगावॉट हा भार आहे. १ मेगावॉटचा भार तासभर चालला की १,००० युनिट होतात. अशा योजनांच्या वीजबिलातले १९ टक्के लाभधारक शेतकऱ्याला भरायचे असतात; त्याला युनिट कळतात, आपल्या बातमीदारालाही कळावेत.

आपला,
एक वाचक, मिरज